चित्रातली जनावरं आणि आपलं जंगल

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोल म्हणून सांगितलं होतं. ते तर रोजचंच आहे. आज मी जंगलावर बोलते. चंद्रपूरच्या मुलीला एवढा हक्क आहेच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं अमरावतीहून मोर्शी, सालबर्डी करत धारूळच्या डोंगरात गेलो. धारूळ मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, आपल्या सीमेला लागून आहे. अंबादेवीचं ठिकाण म्हणून भाविकांना ते माहीत होतंच. 2007 साली अमरावतीचे डॉ. व्ही. टी. इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांनी तिथल्या कातळांवरची प्राचीन चित्रं उजेडात आणली. डॉ. इंगोले अभियांत्रिकीचे प्राध्यापक. आमच्या जमातीतला माणूस मान वर करून कातळ बघतो, याचा मला फार आनंद झाला!

वाट दाखवायला गावातले एक दादा होते. ओढ्याकाठी चितळं दिसली. पुढे वानरानं अलार्म कॉल दिला आणि आम्ही सगळे वाघाच्या आशेनं थांबलो. दादा मात्र खाली बघत होते. वाटेवर अस्वलाची ताजी विष्ठा होती, बोराच्या बियांनी भरलेली. जवळचं वारूळ उकरलेलं होतं. दादांनी एकदम मोठ्यानं गप्पा सुरू केल्या. म्हणाले, "अचानक समोर आलो तर ते अंगावर येते. आवाज ऐकला की आपणच बाजूला होते."

वर कातळाच्या छपराखाली लाल रंगातली चित्रं होती. पाऊस तिथं पोचत नाही म्हणून ती टिकली. काही आकृत्या रंगवलेल्या, काही दगडात कोरलेल्या. भीमबेटकालाही मी पूर्वी गेले आहे. वि. श्री. वाकणकरांनी 1957 साली शोधलेलं ते ठिकाण आता जागतिक वारसा आहे. तिथल्या 'झू रॉक'वर हत्ती, गवे, हरणं एकावर एक काढलेली आहेत. जुनं चित्र पुसायचं नाही, त्यावरच नवं काढायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनी व्हर्जन कुणी डिलीट केलेली नाही.

एक गोष्ट माझ्या मनात राहिली. जनावरांची शिंगं, पाठीचा बाक किती निगुतीनं काढलाय, आणि माणसं बहुतेक काड्यांसारखी! मला वाटतं, ज्याला जनावरांमध्ये राहायचं आहे तो त्यांना असंच नीट बघणार. वाटेवरचे दादा तसंच बघत होते. आम्ही फक्त वाघ शोधत होतो.

आपल्याकडे हे वेगळं नाही. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प. पण नाव आलं ते तारूवरून. गोंडांच्या कथेत तो गावप्रमुख वाघाशी लढताना मेला आणि देव झाला. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. माणूस मारला गेला, तरी लोकांनी जंगल सोडलं नाही, वाघही संपवला नाही. दोघांची आठवण एका ठिकाणी ठेवली.

हे बोलायला सोपं आहे. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचे काका मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात गेले. पहाटे खाली वाकून वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. 2021 मध्ये छत्तीसगडमार्गे हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. शहरातल्या आम्हाला केवढा आनंद! ज्यांचा धान तुडवला गेला, घरं पडली, त्यांची रात्र मात्र जागून गेली. मैत्रीण मला म्हणाली होती, "तुमी जिप्सीतून पाहता, आमी वावरातून पाहतो." तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही.

पण एक सुचवते. चंद्रपूर-गडचिरोली 1982 पर्यंत एकच जिल्हा होता. शाळेनंही तो एकच मानावा. आपण सहलीला भद्रावतीची विजासन लेणी बघितली, डबे खाल्ले आणि परतलो. मेळाव्याच्या निधीतून दरवर्षी नववीच्या मुलांची एक बस काढू या. लेणी दाखवू, जंगल दाखवू, आणि बोलायला मोह-तेंदू वेचणाऱ्या बाईला बोलावू, तिला रीतसर मानधन देऊन. मुलांना एवढं नक्की शिकवू की जुन्या चित्रांना हात लावायचा नाही, फोटो उठावदार यावा म्हणून पाणी मारायचं नाही, आणि जंगलात वाघ नाही दिसला तरी जमिनीवर बरंच काही लिहिलेलं असतं.

पहिल्या बसचा खर्च माझ्याकडे. दुसऱ्या वर्षीसाठी हात वर करा, मी नावं लिहून घेते. बाई, आज तरी मागच्या बाकावरच्यांनाही विचारा!