लॅपटॉप घेताना : प्रोसेसर कोणता असावा?



बारावीचा निकाल लागला की पालक शाळेत येऊन विचारतात, “सर, मुलाला लॅपटॉप कोणता घेऊ?” कोणी शिष्यवृत्तीच्या पैशातून घेणार असतो, कोणी हप्त्यावर, तर कोणाचा भाऊ दुबईहून आणणार असतो. एवढ्या किमतीची वस्तू घरात वारंवार येत नाही. म्हणून आज मी फक्त तिच्या प्रोसेसरविषयी बोलणार आहे. मी भाषेचा शिक्षक, अभियंता नव्हे. तेव्हा साधेच सांगेन.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचे डोके. बाजारात लॅपटॉपसाठी त्याच्या दोन मुख्य जाती आहेत. एक इंटेल आणि एएमडी या कंपन्यांची. तिचे मूळ इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपमध्ये आहे. दुसरी ‘आर्म’. ही १९८५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे तयार झाली आणि आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये हीच असते. थोड्या विजेत पुष्कळ काम हा तिचा गुण. २०२० साली अॅपलने आपली एम-१ ही आर्म चिप लॅपटॉपमध्ये घातली. २०२४ मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप आले.

आता कोणी विचारील की, मग सर्वांनी आर्मच का घेऊ नये? अडचण भाषेची आहे. या दोन जातींना हुकूम द्यायची भाषा निरनिराळी. एकीसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसरीवर दुभाष्यामार्फत चालवावे लागते. त्यात वेळ जातो, आणि काही ठिकाणी दुभाष्याचेही काही चालत नाही. प्रिंटर किंवा बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर आर्मसाठी बनवलेला नसेल, तर ते यंत्र जोडूनही उपयोग नाही.

आपला एक माजी विद्यार्थी यंत्र अभियांत्रिकीला गेला. बॅटरी दिवसभर चालते असे सांगून दुकानदाराने त्याला हलका, आर्म जातीचा विंडोज लॅपटॉप दिला. बॅटरी चाललीही. पण पुढे सॉलिडवर्क्स शिकायची वेळ आली, आणि ते बनवलेले इंटेल-एएमडीच्या विंडोज यंत्रांसाठी. कॉलेजच्या संगणकावर बसावे तर शेवटची एस.टी. चुकते. अखेर वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून दुसरा लॅपटॉप घेतला.

तेव्हा दुकानाआधी कॉलेजात जा आणि कोणती सॉफ्टवेअर लागतात त्याची यादी आणा. वाणिज्य शाखेला टॅली लागते, तीही विंडोजचीच. मॅकबुक घेऊ पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. कला किंवा कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र वाचन, लेखन आणि इंटरनेट एवढेच काम असते. रोज बसने जाणाऱ्या, गावी वीज जाते अशा मुलीला आर्मची बॅटरी खरोखर उपयोगी पडेल. तेरा इंची मॅकबुक एअर सव्वा किलोच्या आसपास भरते, त्याला पंखाही नाही. पण फार वेळ जड काम दिले तर ते तापते आणि आपणहून मंद होते. त्याची मेमरी नंतर वाढवता येत नाही. स्वस्त मिळतो म्हणून ८ जीबीचा जुना एअर घेऊ नये असे माझे मत आहे.

इंटेल घ्यायचा ठरला तर नावातले शेवटचे अक्षर पाहा. ‘यू’ असेल तर चिप साधारण १५ वॉटची, लॅपटॉप हलका. ‘एच’ असेल तर साधारण ४५ वॉटची; ताकद जास्त, पण पंख्याचा आवाज, वजन आणि जाडजूड चार्जर सोबत येतात. अभियांत्रिकीच्या मुलाने हे ओझे सोसावे. २०२४ च्या अखेरीस इंटेलने ‘व्ही’ अक्षराच्या चिपा आणल्या. त्या बॅटरीत आर्मच्या जवळ जातात आणि जुने सॉफ्टवेअरही चालवतात, पण किंमत सर्वांना परवडणारी नाही. (दुबईहून मागवणाऱ्यांनी वॉरंटी इथे चालते का ते विचारून घ्यावे. कीबोर्डवर अरबी अक्षरे असतात, त्याने काही बिघडत नाही!)

ज्यांची ऐपत कमी आहे त्यांनी कंपन्यांतून निघालेला जुना लॅपटॉप घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय-५ नंतरच्या आकड्याची सुरुवात ८ ने असेल तर पिढी आठवी, १० ने असेल तर दहावी. ६ किंवा ७ ने असेल तर दुकानदार कितीही स्वस्त देवो, तो लॅपटॉप परत ठेवा.