रोड बाइकला मडगार्ड शोभतं का?



आज मडगार्डविषयी बोलायचं आहे. स्कूटरच्या नव्हे, सायकलच्या. आणि सायकलींतही रोड बाइकच्या. खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, हलकी फ्रेम, अशी ती सायकल. दुकानातून येते तीच मडगार्डाशिवाय. आमच्या आचोळ्यात, म्हणजे नालासोपारा पूर्वेला, अशा सायकली आता बऱ्याच दिसतात. पहाटे काही मंडळी निघतात, वसई फाट्याला महामार्ग गाठतात, शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या रस्त्याला लागतात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात. काहींची ओढ समुद्राकडे. ते पश्चिमेला उतरून निर्मळ, कळंब, राजोडी करतात. मे अखेरपर्यंत सगळं छान चालतं. मृगाच्या सरी आल्या की प्रत्येकाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा. मडगार्ड का लावत नाही रे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काका, लुक जातो."

या उत्तराला हसून चालणार नाही. आपली सायकल देखणी असावी असं वाटण्यात पोरकटपणा कसला? देखणी सायकल माणूस जास्त चालवतो. आणि मडगार्ड लावून विद्रूप झालेल्या रोड बाइक मीही पुष्कळ पाहिल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की दोष बहुतेक वेळा मापाचा असतो. मडगार्ड बिचारं फुकट बदनाम होतं.

आधी आमच्याकडच्या पाण्याविषयी थोडं. आचोळे रस्ता, तुळिंज, सेंट्रल पार्क ही नावं पावसाळ्यात बातम्यांत येतातच. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर इतकं पाणी चढलं की वसई ते विरार लोकल बंद ठेवाव्या लागल्या. भाग सखल, नाले अरुंद झालेले, आणि भराव घालून इमारती उभ्या. त्यामुळे रस्त्यावरचं पाणी नुसतं आभाळातलं नसतं. त्यात गटार असतं, डंपरमधून सांडलेली माती असते, बांधकामाची रेती असते. हे पाणी चेनमध्ये शिरलं की तेल धुऊन जातं आणि रेती तेवढी मागे राहते. ब्रेकच्या रबरात रुतली की तीच रेती रिम खरवडते. पाठीवरचा पट्टा घरी धुता येतो. चेन मात्र बदलावीच लागते.

हे पाणी उडतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. सायकल ताशी २५ किलोमीटरने चालली असेल, तर सायकलच्या हिशेबाने टायरचा पृष्ठभागही त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटरने फिरत असतो. टायरवरून सुटलेला थेंब हा वेग घेऊनच सुटतो. असा थेंब सरळ वर गेला, तर हवेचा विरोध सोडून, जवळजवळ अडीच मीटर चढेल. म्हणून तर पट्टा मानेपर्यंत पोचतो आणि वर हेल्मेटवरही ठिपके येतात. हे मागच्या चाकाचं झालं. पुढचं चाक त्याहून लबाड. त्याच्या मागच्या अंगाला, खालच्या बाजूने सुटणारं पाणी बुटांवर, क्रँकवर आणि चेनवर जातं. वरून सुटणारं पुढे फेकलं जातं आणि समोरच्या वाऱ्याने परत तोंडावर येतं. बूट पावसाने भिजले असं आपण समजतो. त्यात पुढच्या चाकाचा वाटा मोठा असतो. म्हणून फक्त मागे पट्टी लावून "झालं की काम" म्हणणाऱ्यांचं काम अर्धंच झालेलं असतं.

मग रोड बाइकला मडगार्ड येतच का नाही? कारण तिचं सगळं रूप शर्यतीतून आलं आहे. शर्यतीत ग्रॅमचा हिशेब होतो. मागे संघाची गाडी असते, गाडीत बदली चाक आणि कोरडे कपडे असतात. आचोळ्यातल्या पोराच्या मागे रिक्षा असते, हॉर्न वाजवत.

आपल्या जुन्या काळ्या सायकलीचं उदाहरण घ्या, ॲटलस असो वा हर्क्युलस. तिला पत्र्याचं रुंद मडगार्ड, खालच्या टोकाला रबरी फ्लॅप, फ्लॅपवर एखादं फूल नाहीतर मालकाचं नाव. ते मडगार्ड विजोड दिसतंय असं कुणी म्हटल्याचं ऐकलं आहे का? चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड सगळंच तिथे तितकंच भरभक्कम. एकाच हाताने काढल्यासारखं. पुण्यात विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात गेलात तर जुन्या सायकलींच्या दिव्यांबरोबर त्यांची मडगार्डंही नीट बघा.

आणि वेगाच्या सायकलीवर ते किती सुंदर दिसू शकतं, हे पाहायचं तर फ्रान्सकडे वळावं लागेल. पॅरिसला लागून असलेल्या एका उपनगरात रेने हर्स नावाचा कारागीर गेल्या शतकाच्या मध्यात लांब पल्ल्याच्या सायकली बांधायचा. हलक्या, चपळ, आणि तरीही ॲल्युमिनियमची पूर्ण मडगार्डं असलेल्या. फ्रेम आखतानाच तो मडगार्डाची जागा आखत असे. मडगार्ड जिथे जिथे फ्रेमला धरायचं, त्या प्रत्येक जागेपासून टायरचं अंतर सारखं. दिव्याची तारसुद्धा मडगार्डाच्या दुमडलेल्या कडेतून लपवून नेलेली. त्या सायकलींचे फोटो आजही शौकीन लोक तासन् तास बघत बसतात. जपानमधली होंजो ही कंपनी त्याच घाटाची ॲल्युमिनियमची मडगार्डं अजून बनवते.

यातलं गमक सोपं आहे. चाक गोल, त्यावरचं मडगार्ड त्याच केंद्राभोवतीचा मोठा गोल. दोन्हींमधली फट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहिली, की डोळा मडगार्डाला वेगळी वस्तू मानतच नाही; चाकाचाच भाग समजतो. फट एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला चार बोटं झाली, की त्याच डोळ्याला ते खुपतं. मडगार्ड किती महाग, कुठल्या कंपनीचं, हे त्यानंतरचं.

आता कोपऱ्यावरच्या दुकानात गेलात तर काय मिळतं? दुकानदार भला माणूस, नाही म्हणणार नाही. काळ्या सायकलीचं पत्र्याचं मडगार्ड काढून दाखवेल. ते ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरसाठी केलेलं. तुमचं टायर २५ किंवा २८ चं. ते बसलंच तर लहान भावाने दादाचा रेनकोट घातल्यासारखं दिसेल. दुसरं दाखवेल ते माउंटन बाइकचं, सीटच्या दांड्याला आवळून मागे तिरकं वर जाणारं. रोड बाइकवर मी ते कधीच लावू देणार नाही. सायकलच्या सगळ्या रेघा पुढे धावत असतात आणि हे एकटं मागे आभाळाकडे बोट दाखवत असतं. शिवाय चाकापासून इतकं लांब, की वाऱ्यात पाणी बाजूने येतच राहतं.

मापं अशी. रोड बाइकचं चाक ७०० सी, म्हणजे टायर बसतं त्या जागी रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर. मडगार्डही ७०० सी चंच घ्यायचं. २६ इंची चाकाचं मडगार्ड जास्त वाकलेलं असतं आणि फट कधीच सारखी होत नाही. रुंदी टायरपेक्षा साधारण ८ ते १० मिलिमीटर जास्त. २५ च्या टायरला ३५ चं मडगार्ड बरोबर दिसतं. ४५ चं घेतलं तर कोरडे राहाल, पण मग "लुक जातो" म्हणणाऱ्यांपुढे मी तुमची बाजू घेणार नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यात एक ते दीड सेंटिमीटर फट हवी. त्याहून कमी फट दिसायला झकास दिसते, पण आमच्याकडच्या मातीत एखादी खडी अडकली की चाक घासत राहतं. पुढच्या चाकात काडी अडकून ते जाम झालं, तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. चांगल्या मडगार्डांच्या पुढच्या तारांना म्हणूनच अशी क्लिप असते, की जोर आला की तार आपोआप सुटते. ती क्लिप आहे ना, हे विकत घेताना बघाच.

पण मडगार्ड निवडण्याआधी सायकल काय परवानगी देते ते पाहावं लागतं. चिमट्याच्या खालच्या टोकाला, चाकाच्या आसाजवळ, बारीक आटे पाडलेली भोकं आहेत का? मागेही तशीच आहेत का? असतील तर निम्मं काम झालं. डेकॅथलॉनच्या ट्रायबनसारख्या काही सायकलींना ती असतात. शर्यतीसाठी काढलेल्या कार्बनच्या सायकलींना बहुधा नसतात. मग ब्रेक बघायचे. जुन्या पद्धतीच्या आखूड कॅलिपर ब्रेकमध्ये बोल्टपासून रबरापर्यंत ३९ ते ४९ मिलिमीटर अंतर असतं. त्याखाली टायर मावतं, मडगार्डाला जागा उरत नाही. ४७ ते ५७ चे लांब ब्रेक असले तर २८ चं टायर आणि वर मडगार्ड दोन्ही आरामात बसतात. डिस्क ब्रेकवाल्यांना ही अडचण नाही. त्यांच्या वाटेत ब्रेकची कमानच नसते. आणि लहान मापाच्या फ्रेमवर एक गोष्ट तपासा: हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या मडगार्डाला लागतं का? गर्दीत हळू वळताना ते लागलं तर तोल जातो.

भोकंही नाहीत आणि जागाही नाही, अशा सायकलीसाठी क्लिपवर बसणारी अर्धी मडगार्डं येतात. जर्मनीच्या एसकेएस कंपनीची रेसब्लेड त्यांतली बरीच प्रसिद्ध. रबरी पट्ट्यांनी दांड्यांना आवळायची, रविवारी कोरडं असलं की काढून ठेवायची. दिसायला सडपातळ, चाकाला धरून राहणारी. पूर्ण मडगार्डाइतकं पाणी ती अडवत नाहीत, पण शर्यतीच्या सायकलवर सगळ्यांत कमी खुपणारं तेच. फक्त रबराखाली चिखल राहिला तर तो पॉलिश पेपरसारखा रंग घासतो. म्हणून आधी फ्रेमवर पारदर्शक टेप लावून घ्या. कार्बनच्या चिमट्यावर धातूची क्लिप पान्याने आवळायला जाऊ नका. सीटखाली खोचायची प्लास्टिकची घडीची पट्टीही मिळते. ती खिशात मावते, स्वस्त असते आणि पँट वाचवते. तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा करू नये.

रंगाचा प्रश्न आला की लोक फ्रेमशी जुळणारं शोधायला लागतात. माझं मत वेगळं आहे. टायर काळं, म्हणून मडगार्ड काळं, तेही चमक नसलेलं. दोन पावलं मागे सरून पाहिलं तर फक्त टायर जरा जाड झाल्यासारखं वाटतं. फ्रेम लाल असो की पांढरी, फरक पडत नाही. चंदेरी मडगार्ड जुन्या लोखंडी बारीक नळ्यांच्या फ्रेमवर खुलतं, खास करून रिमही चंदेरी असेल तर. कार्बनच्या जाड नळ्यांवर ते उपरं दिसतं. पारदर्शक प्लास्टिक दुकानात छान दिसतं, पण एका पावसाळ्यात त्यावर ओरखडे येतात आणि ते पिवळट पडतं.

पत्रा मी सुचवणार नाही. राजोडी-अर्नाळ्याकडे फिरणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याचा अनुभव आहे. दुमडलेल्या कडेत गंज आधी धरतो आणि दिसतो उशिरा. ॲल्युमिनियम गंजून खपल्या धरत नाही, पण खड्ड्यांच्या हादऱ्यांनी बोल्टच्या भोकाशी चिरतं. तिथे आतून-बाहेरून रबरी वायसर घातला तर बरीच वर्षं टिकतं. बहुतेकांना पुरेल ते प्लास्टिकचं, आत ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेलं. वाकवलं तर वाकतं, आणि खड्ड्यात फारसं खडखडत नाही.

खडखड हा लुकचाच भाग मानतो मी. सुंदर सायकल ताटवाट्या वाजवत गेली तर बघणारा हसतोच. बसवून झालं की दुकानातच सायकल वीतभर उचलून टायरवर सोडा आणि ऐका. आवाज आला तर कुठला तरी बोल्ट सैल आहे, किंवा मडगार्ड ताणून वाकडं बसवलं आहे. तारांची जास्तीची टोकं कापून त्यांवर प्लास्टिकच्या टोप्या घालून घ्या. बाहेर आलेल्या तारांनी पोटरी सोलते, शिवाय काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं.

राहता राहिला फ्लॅप. लुकच्या नावाखाली पहिला बळी त्याचाच जातो, कारण तो लोंबतो. पुढच्या मडगार्डाच्या खाली तो जमिनीपासून चार बोटं वर येईल इतका लांब असेल तरच बूट आणि चेन वाचतात. मागचा फ्लॅप तुमच्यासाठी नसतोच. मागून येणाऱ्या मित्राच्या तोंडासाठी असतो. इंग्लंडमधल्या सायकल क्लबांत हिवाळी फेरीला मागच्या मडगार्डाशिवाय आलेल्याला रांगेत सगळ्यांच्या शेवटी जायला सांगायची रीत आहे. आमच्या गणेशपुरीच्या फेरीतही ती सुरू करायला हरकत नाही. फ्लॅप विकत मिळाला नाही तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोन रिव्हेटनी ठोका. काळ्या मडगार्डाखाली काळं रबर कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि हे सगळं मेमध्येच करून घ्या. जूनमध्ये दुकानात पंक्चरवाल्यांचीच रांग असते, तुमच्या मडगार्डाची फट मोजायला तिथे कुणाला वेळ नसतो.