मोटारीतील आज्ञावली आणि नागरिकाचा हक्क



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोटारीतील दोषांविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. हा विषय गॅरेजातला, सभागृहातला नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु जी वस्तू रोज आपल्या मुलाबाळांना घेऊन रस्त्याने धावते, आणि जिच्या आत काय चालले आहे ते मालकास दिसत नाही व मेकॅनिकासही पुरते दिसत नाही, ती वस्तू केवळ गॅरेजाचा विषय राहत नाही. तो सार्वजनिक हिताचा प्रश्न होतो. आज आम्ही त्याचा विचार याच दृष्टीने करणार आहोत.

प्रथम यंत्रातच काय पालट झाला ते पाहू. जुन्या मोटारीत ॲक्सिलरेटर दाबला की एक तार ओढली जाई, त्या तारेने कार्ब्युरेटरची झडप उघडे आणि गाडी वेग घेई. तार तुटली तर तुटलेली दिसे. अडकली तर बॉनेट उघडून बोटाने मोकळी करता येई. आजच्या मोटारीत पायाखालच्या पेडलापासून इंजिनापर्यंत अशी तार नसते. पेडल किती दबले याची मोजणी होते, ती खूण विजेच्या वाटेने एका लहान संगणकाकडे जाते, आणि झडप किती उघडायची हे तो संगणक ठरवतो. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, दरवाजे, दिवे या सर्वांसाठी असे डझनावारी संगणक एका गाडीत बसवलेले असतात आणि ते आपसांत सतत निरोपांची देवघेव करतात. त्यांनी काय करावे हे ज्या लेखी आज्ञांनी ठरते, त्या आज्ञावलीलाच आपण सॉफ्टवेअर म्हणतो. या आज्ञा माणसांनी लिहिलेल्या असतात. आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरात चुका राहणारच.

मात्र या चुकांची जात निराळी आहे. छापखान्याचे उदाहरण घेऊ. पुस्तकाच्या एका प्रतीवर शाई फासली गेली, तर ती प्रत बदलून मिळते. पण जुळाऱ्याने खिळाच चुकीचा लावला असेल, तर साऱ्या आवृत्तीत तीच चूक उतरते. लोखंडाचा भाग झिजतो, गंजतो, आवाज करतो, म्हणजे मोडण्यापूर्वी बहुधा सूचना देतो. आज्ञावली झिजत नाही. तिच्यातील दोष गाडी कारखान्याबाहेर पडली त्या दिवशीच तिच्यात असतो, त्या जातीच्या प्रत्येक गाडीत सारखाच असतो, आणि विशिष्ट योग जुळून येईपर्यंत निमूटपणे पडून राहतो. योग आला की प्रकट होतो, आणि पुष्कळदा मागे खूणही ठेवीत नाही.

याचा दाखला सप्टेंबर २०१६ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने जगभरातील सुमारे ४३ लाख गाड्या माघारी बोलावल्या. अपघात झाला आहे की नाही हे ओळखून एअरबॅग उघडणारा जो संगणक, तो क्वचित प्रसंगी स्वतःची तपासणी करण्याच्या अवस्थेत जाई. आणि नेमक्या त्याच वेळी टक्कर झाली, तर पुढच्या एअरबॅगा उघडत नसत व पट्टेही आवळले जात नसत. पहारेकरी स्वतःची बंदूक साफ करीत बसावा आणि तेवढ्यात दरोडा पडावा, तसा हा प्रकार! एका मृत्यूचा या दोषाशी संबंध जोडण्यात आला. ती गाडी कोणत्याही गॅरेजात नेली असती, तरी बाहेरून तिच्यात काही खोट दिसली नसती.

येथेच आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा आहे. खूण न ठेवणारा दोष असेल, तर अपघातानंतर खरे कोणाचे मानावयाचे, चालकाचे की यंत्राचे? टोयोटा कंपनीच्या गाड्यांचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. गाडी आपोआप वेग घेते, अशा तक्रारी अमेरिकेत वाढू लागल्या. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अपघातात चार माणसे दगावली, आणि त्यानंतर लक्षावधी गाड्या माघारी बोलावल्या गेल्या. कारणे म्हणून पायाखालची चटई व अडकणारे पेडल यांकडे बोट दाखवण्यात आले. आज्ञावलीत दोष आहे काय, हे पाहण्याचे काम सरकारने नासा या संस्थेवर सोपवले. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की अशा घटना घडवणारा विद्युत्-यंत्रणेतील दोष आढळला नाही. तथापि पुरावा सापडला नाही एवढ्यावरून तसे घडूच शकत नाही असे ठरत नाही, हेही त्या शास्त्रज्ञांनी नमूद केले. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या न्यायालयात, २००७ सालच्या एका अपघाताच्या खटल्यात, आज्ञावली तपासलेल्या तज्ज्ञाची साक्ष झाली, आणि ज्यूरीने कंपनीविरुद्ध कौल दिला.

श्रोतेहो, दोन प्रामाणिक तपासण्यांचे निकाल असे भिन्न दिशांना गेले. यांत कोण खरे, याचा निवाडा या व्यासपीठावरून करण्याचा आमचा अधिकार नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. मार्च २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर दंड देण्याचे मान्य केले, तो आज्ञावलीतील दोषाबद्दल नव्हता. चटई व पेडल यांच्या दोषांविषयी लोकांची दिशाभूल केल्याबद्दल होता. दोष राहणे हे मानवी आहे. तो ठाऊक असून झाकणे हा अपराध आहे. म्हणून गाड्या माघारी बोलावणाऱ्या कंपनीला हसण्याची जी आपल्याकडे रीत आहे, ती आम्हांस घातक वाटते. दोष कळताच जाहीर करून विनामूल्य दुरुस्त करणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे, आणि ते करणाऱ्याची नालस्ती होऊ लागली, तर उद्या गप्प बसणाऱ्याचेच फावेल.

आज्ञावली अदृश्य असल्यामुळे तिच्यात चूकच नव्हे, तर लबाडीही दडवता येते. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले. गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवावा आणि रस्त्यावर मोकळे रान घ्यावे, असे शिकवलेली आज्ञावली जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत होती. हे बिंग फुटण्याच्या मुळाशी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांचे काम होते. गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून त्यांनी तिचा धूर मोजला, एवढी साधी ती युक्ती. आपल्याकडे या गाड्यांची तपासणी पुण्याच्याच ए.आर.ए.आय. या संस्थेने केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्यांत आज्ञावली बदलण्याचे जाहीर केले. ज्याने वस्तू बनवली त्यानेच ती तपासली एवढे पुरत नाही. तिऱ्हाइताचा डोळा लागतो, हा या प्रकरणाचा धडा.

आता दुरुस्तीची रीतही पालटली आहे. जुलै २०१५ मध्ये दोन संशोधकांनी मैलोगणती दूर बसून एका जीप गाडीचा ताबा तिच्या रेडिओच्या वाटेने घेता येतो, हे दाखवून दिले. तेव्हा १४ लाख गाड्या माघारी बोलावल्या गेल्या आणि मालकांना टपालाने पेनड्राइव्ह धाडण्यात आले. आज काही गाड्यांची आज्ञावली रातोरात, दाराशी उभ्या असतानाच, हवेतून बदलते. ही सोय मोठी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेस्लाच्या सुमारे २२ लाख गाड्यांतील धोक्याच्या खुणांची अक्षरे नियमापेक्षा लहान आढळली, ती याच मार्गाने मोठी करण्यात आली. पण डिसेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या सुमारे २० लाख गाड्यांतील स्वयंचालन-साहाय्याची दुरुस्तीही हवेतूनच झाली होती, आणि ती पुरेशी आहे काय, याची चौकशी सरकारला एप्रिल २०२४ मध्ये उघडावी लागली. दुरुस्ती सुलभ झाली म्हणजे ती झालीच असे नव्हे. आणि जी दुरुस्ती मालकाच्या नकळत होते, तिच्याबरोबर पूर्वीच्या दोषाची आठवणही पुसली जाण्याचा धोका आहे. काय बिघडले होते आणि काय बदलले, हे लेखी कळणे हा मालकाचा हक्क मानला गेला पाहिजे.

आपल्या देशात २०१२ पासून उत्पादकांनी स्वेच्छेने गाड्या माघारी बोलावण्याची प्रथा सुरू केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले. त्यान्वये केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. उत्पादकाने गाडी दुरुस्त करावी, बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी, अशी त्यात तरतूद आहे. १ एप्रिल २०२१ पासून नियम अमलात आले, आणि स्वेच्छेने न बोलावणाऱ्यास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठरला. मात्र हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहेत. ज्या गरिबाने वा मध्यमवर्गीयाने जुनी गाडी तिसऱ्या-चौथ्या हातून घेतली, तो बहुधा या संरक्षणाच्या बाहेर राहतो. लोखंड झिजते त्याला मुदत असावी, हे आम्ही समजू शकतो. पण जो दोष पहिल्या दिवसापासून लिहिलेलाच होता, त्याला वयाची मुदत कशासाठी? हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारण्याजोगा आहे.

कायदा आपले काम करील तेव्हा करो. आपल्या हातीही काही आहे. जुनी गाडी घेतली की आर.सी. बुकावर नाव व पत्ता ताबडतोब बदलून घ्यावा, कारण माघारी बोलावण्याचे पत्र नोंदलेल्या पत्त्यावरच जाते. वर्षातून दोनदा कंपनीच्या अधिकृत ठिकाणी चासी नंबर दाखवून काही दुरुस्ती बाकी आहे काय, हे विचारावे. गाडी विचित्र वागली तर तारीख, वेळ, वेग टिपून लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी. सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरही तक्रारीची सोय आहे. एकट्याची तक्रार भ्रम ठरते. शंभर जणांची एकसारखी तक्रार पुरावा होते. खूण न ठेवणाऱ्या दोषाची खूण अशी नागरिकांनीच ठेवावी लागते.

यंत्रावर विश्वास ठेवू नका, असे आमचे सांगणे नाही. याच आज्ञावलीने निसरड्या रस्त्यावर ब्रेक सावरून आणि टकरीत एअरबॅगा उघडून असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु विश्वास आणि आंधळेपणा यांत अंतर आहे. विश्वास हिशेब मागतो, आणि ज्याच्यावर विश्वास टाकला तो हिशेब देतो. मोटारीच्या कारखानदाराकडून असा हिशेब मागण्याची सवय आपल्या समाजाला लागावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.