अडलेला मॅक्रो

निकालपत्रकातील बेरजा एक्सेलचा मॅक्रो क्षणार्धात करतो; परंतु एखाद्या वेळी तो मध्येच थांबतो आणि १३ क्रमांकाची त्रुटी दाखवितो. अशा वेळी संगणकास दोष न देता प्रथम तक्ता पाहावा. जेथे अंक हवा, तेथे अक्षरे आढळली, असा त्या त्रुटीचा बहुधा अर्थ असतो. गुणांच्या रकान्यात कोणी ‘गैरहजर’ असे लिहिलेले असते.

‘डीबग’ ही कळ दाबली म्हणजे अडलेली आज्ञा पिवळी दिसते. तेथील ओळ-क्रमांकाच्या चलावर माउसचा बाण नेला असता, कोणत्या विद्यार्थ्यापाशी काम अडले ते कळते.

त्रुटी दिसूच नये म्हणून ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही आज्ञा घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. तिच्यामुळे मॅक्रो थांबत नाही, हे खरे. परंतु चलात आधीच्या मुलाचे गुण तसेच राहतात आणि गैरहजर मुलाच्या नावे मांडले जातात. त्याऐवजी ‘इझन्यूमरिक’ने प्रत्येक नोंद आधी पारखून घ्यावी व गैरहजर मुलांची नोंद निराळी ठेवावी.

काम घटकाभर खोळंबले तरी चालेल. मुलाच्या निकालात चूक राहता कामा नये.