जुन्या रायफलीवर नक्षी कोरण्यापूर्वी



धातूवरील कोरीवकामाची चर्चा बहुधा पहिल्या रेषेपासून सुरू होते. जुन्या रायफलीच्या बाबतीत मात्र कामाचा अवघड भाग त्या रेषेपूर्वीच पार पडावा लागतो. काय घासावयाचे आणि काय जसेच्या तसे ठेवावयाचे, हा तो निर्णय होय.

उदाहरणादाखल अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीची १८७३ च्या नमुन्याची रायफल घ्यावी. चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर नेली, की रिकामे टरफल बाहेर पडते आणि नळीखालच्या नळकांड्यातील नवे काडतूस आत येते. ही यंत्रणा ज्या चौकटीत बसते, तिच्या दोन सपाट बाजू हे नक्षीकाराचे मुख्य क्षेत्र. १८६६ च्या नमुन्याची चौकट तांबेमिश्रित मऊ धातूची होती. १८७३ मध्ये तेथे लोखंड आले. अशा लोखंडाच्या वरच्या थराला पुष्कळदा मुद्दाम कठीणपणा दिलेला असतो. त्यावर कोरणी घसरते किंवा तिचे टोक मोडते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती सुटी करतात. स्क्रूच्या खाचेत नेमके बसेल असेच हत्यार वापरावे लागते आणि प्रत्येक स्क्रूची जागा टिपून ठेवावी लागते. दर्शनी नसलेल्या ठिकाणी कठीणपणा अजमावतात. धातू फार कठीण असल्यास तो तापवून सावकाश थंड करतात. परंतु त्यामुळे चौकट वाकण्याची भीती असते आणि मूळ रंगछटा कायमची जाते. पॉलिशचा कागद सपाट ठोकळ्यावर लावून घासावे. फिरत्या कापडी चाकाने कडा गोलावतात आणि छिद्रांभोवती खळगे पडतात. म्हणून घासताना बाजूच्या पट्ट्या व स्क्रू जागच्या जागी बसवलेले असावेत. तसे केल्यास सांधे एका पातळीत राहतात.

याहून मोठा धोका अक्षरांना असतो. निर्मात्याचे नाव, क्रमांक, विक्रेत्याचा शिक्का ही कानशीच्या थोड्याशा फेऱ्यांनी पुसली जातात. या खुणांचे मोल कलकत्त्याने पाहिले आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीचा माल जकात कचेरीतून सोडवताना तिचाच कारकून श्रीशचंद्र मित्र याने २०२ पेट्यांपैकी १९२ पेट्याच गोदामात पोहोचविल्या. उरलेल्या दहा पेट्यांतील ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांच्या हाती गेली. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची नोंद कंपनीजवळ होती. पुढे निरनिराळ्या ठिकाणी सापडलेली पिस्तुले या मालापैकीच आहेत, हे त्यावरून ओळखता आले. सरकारला तो गुन्ह्याचा पुरावा होता. आज तोच स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे. क्रमांक घासला गेला असता तर दोन्हीही उरले नसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही बंदुकीवरील ओळखचिन्हे पुसण्यास वा बदलण्यास मनाई केली आहे.

मग नवे काही कोरावयाचेच नाही काय? याचे उत्तरही याच शहरातून गेलेल्या एका रायफलीपाशी मिळते. ती कडीची नव्हे, खटक्याची रायफल होती. लंडनच्या रिग्बी कंपनीने घडविलेली ही रायफल कलकत्त्याच्या मँटन कंपनीमार्फत विकली गेली. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी ती जिम कॉर्बेट यांना भेट दिली. भेटीचा मजकूर कोरला गेला तो दस्त्यावर बसविलेल्या चांदीच्या पट्टीवर. नवी गोष्ट नव्या धातूने सांगितली. जुन्या पोलादावर तिच्यासाठी कानस चालवावी लागली नाही.

प्रत्येक वेळी चांदीची पट्टी हाच उपाय असेल असे नाही. चौकटीवरच नक्षी हवी असल्यास नक्षीकाराने प्रथम जुन्या अक्षरांभोवती सीमा आखावी आणि उरलेल्या जागेतच वेलबुट्टी फुलवावी. ज्या जुन्या रायफलीवर आजवर कोणी काही कोरलेले नाही, तिच्या कोऱ्या पृष्ठालाही मोल असते. तेथे कोरणी खाली ठेवणे, हीदेखील नक्षीकाराची जाणकारीच होय.