गाडीचे अ‍ॅव्हरेज अचानक पडले तर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव आणि ज्वारीचा उतारा यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे ते खर्चाच्या एका भोकाबद्दल. त्यातून पैसा गळतो आणि आवाजही होत नाही. आता कोरडवाहू गावातही जुनी जीप, सेकंडहँड कार दारात दिसते. ती हौस नाही. मुखेड-कंधारहून आजारी माणूस रात्री नांदेडला न्यायचा, उदगीर-अहमदपूरहून पोराला लातूरला शिकवणीला पोचवायचे, तर एसटीची वेळ जुळतेच असे नाही. गाडी आता नांगर-वखरासारखे अवजार झाली आहे, आणि अवजाराचा हिशेब ठेवावा लागतो.

तो मांडू. महिन्याला 1,000 किलोमीटर चालणारी गाडी 15 चे अ‍ॅव्हरेज देत होती, ती 12 वर आली. आधी 67 लिटर लागायचे, आता 83 लागतात. वर्षाला 200 लिटर जादा. लिटरला 100 रुपये धरले तरी 20,000 रुपये झाले. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला. म्हणजे अडीच क्विंटल कापूस धुराबरोबर गेला. तोही हमीभाव पदरात पडला तर!

अशा वेळी एक जण म्हणतो, पंपवाला चोर. दुसरा म्हणतो, पेट्रोलमध्ये इथेनॉल घातले म्हणून. मिस्त्री म्हणतो, इंजिन उघडावे लागेल. तिघांचेही ऐकण्याआधी मोजा.

मोजायची रीत सोपी आहे. टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद पडेल तिथे थांबा, वरून ठोकून भरू नका. किलोमीटर वहीत लिहा. तीन-चारशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर तशीच फुल करा. चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असे दोन वेळा करा. मधल्या काळात टायर वेगळ्या मापाचे बसवले असतील तर मीटरच चुकीचे किलोमीटर दाखवतो, हेही ध्यानात ठेवा.

पंपावर शंका असेल तर भांडू नका, माप मागा. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेले 5 लिटरचे माप ठेवावे लागते आणि ते भरून दाखवा म्हणण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. 25 मिलिलिटरपेक्षा जास्त तूट आली तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरही मागता येतो.

आता इथेनॉल. आपल्या देशात 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल 2023 मध्ये विक्रीला आले आणि 2025 पर्यंत सगळीकडे पोचले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे पडणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या बांधणीच्या चारचाकीला 6 ते 7 टक्के आणि दुचाकीला 3 ते 4 टक्के घट धरली आहे. म्हणजे 15 चे 14 होतील. पण 12 झाले असतील तर ती 20 टक्क्यांची घट आहे. उरलेला दोष गाडीत शोधला पाहिजे. आणि तुमची जीप डिझेलची असेल तर या इथेनॉलचा तिच्याशी संबंधच नाही. मात्र पेट्रोलची जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या आणि वॉशर तपासून घ्या. इथेनॉल जुने रबर खराब करते, हवेतली ओल ओढते.

आता गाडीकडे वळू. फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर.

पहिली, टायरची हवा. सकाळी टायर थंड असताना बघा. दरवाजाच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढी भरा.

दुसरी, ब्रेक. लोहा ते नांदेड जाऊन आलात की चारही चाकांजवळ हात न्या. थेट टेकवू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापले असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतो आहे. हँडब्रेकची केबल अडकली तरी हेच होते. अ‍ॅव्हरेज एकदम पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

तिसरी, गळती आणि वास. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग बघा. उंदराने नळी कुरतडलेली असू शकते.

चौथी, एअर फिल्टर. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत तो लवकर चोंदतो. डिझेल आणि कार्बोरेटरच्या गाडीत यामुळे काळा धूर आणि जादा इंधन. नव्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मात्र ताकद कमी होते, अ‍ॅव्हरेज फारसे पडत नाही.

पाचवी, थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून कित्येक मिस्त्री तो काढून फेकतात. मग इंजिन थंडच राहते, आणि कॉम्प्युटरच्या गाडीत पेट्रोल जादा सुटते. दहा-पंधरा किलोमीटर चालूनही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल तर दोष इथे आहे.

सहावी, क्लच. चढाला इंजिन गुरगुरते पण गाडी ओढत नाही, तर क्लचप्लेट घासली.

एवढे झाल्यावरच प्लग, इंजेक्टर आणि सेन्सरकडे जा. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बिघडला की इंजिन अंदाजाने पेट्रोल सोडत बसते. कोड न वाचता सुटे भाग बदलणारा मिस्त्री तुमच्या खिशावर प्रयोग करत असतो.

भावांनो, पेरणीआधी आपण जमिनीची ओल बघतो, किडीआधी फवारत नाही. गाडीलाही तोच न्याय लावा. गॅरेजला जाताना "अ‍ॅव्हरेज पडले" एवढेच सांगू नका. किती होते, किती झाले, केव्हापासून, एकदम की हळूहळू, त्याआधी गाडीत काय काम केले, हे वहीत लिहून न्या. ज्याच्या हातात आकडा आहे त्याला पंपावर, गॅरेजात आणि बाजारात फसवणे अवघड जाते. पुढच्या बैठकीला प्रत्येक गाडीवाल्याने आपली वही घेऊन यावे, एवढीच विनंती.