सल्ला कोणाचा आणि ऐकावयाचा कोणी?



ऑस्ट्रेलियाच्या जनतेने १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमताने जो कौल दिला, त्याचा विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. प्रश्न साधा होता. त्या भूमीचे मूळ रहिवासी, म्हणजे आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी, यांचे एक सल्लागार मंडळ घटनेत नमूद करावे काय? मंडळाला नकाराधिकार नव्हता, तिजोरीची किल्ली नव्हती. संसदेच्या व सरकारच्या कानी आपले म्हणणे घालावे, एवढाच त्याचा अधिकार. शेकडा साठ मतदारांनी 'नाही' म्हटले. सहाही राज्यांनी 'नाही' म्हटले. लोकसंख्येत शेकडा चारांहूनही कमी असलेल्या समाजाची मागणी अशी बहुमताच्या तराजूत तोलली गेली.

विरोधकांना दुष्ट ठरवून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे वाढलेल्या सिनेटर जसिंता नंपिजिनपा प्राइस या त्याच समाजातील. हे मंडळ नागरिकांत वंशावरून भेद पाडील आणि दूरच्या वस्त्यांचे दुःख मात्र तसेच राहील, असा त्यांचा आक्षेप होता. उलट सिनेटर लिडिया थॉर्प यांना अधिकाराविना नुसता सल्ला निरर्थक वाटला. त्यांना आधी तह हवा होता. दोन्ही आक्षेपांत तथ्यांश आहे.

परंतु अ‍ॅलिस स्प्रिंग्जचेच उदाहरण घ्या. २००७ साली केंद्र सरकारने उत्तर प्रदेशातील, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीतील, आदिवासी वस्त्यांवर दारूबंदीसह अनेक निर्बंध लादले. लष्कराचे जवान पाठविले आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदाही बाजूस ठेवला. वस्तीवाल्यांस विचारले नाही. पुढे जुलै २०२२ मध्ये त्या बंदीची मुदत संपली. ती एकदम उठवू नका, असे स्थानिक आदिवासी संस्थांनी बजावले होते. ते ऐकले गेले नाही. गावात दंगाधोपा वाढला. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांस तेथे धावत जावे लागले आणि बंदी पुन्हा आली. लादतानाही विचारले नाही, उठवितानाही ऐकले नाही. दोन्ही वेळा चूक एकच!

मंडळे यापूर्वी झाली नव्हती असेही नाही. १९७३ पासून ती निर्माण होत गेली आणि सरकारेच ती मोडीत गेली; १९९० चा आयोग २००५ साली बरखास्त झाला. म्हणूनच घटनेचा आधार मागितला होता.

आमच्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत जनजाती सल्लागार परिषदेची तरतूद १९५० पासूनच आहे. तेणेकरून समता बुडाली नाही, हे खरे. पण परिषद कागदावर असली म्हणजे पाड्यावर दवाखाना येतो, असेही नाही, हेही तितकेच खरे. कलम दार उघडते; आत बोलावून ऐकून घेणे हे राज्यकर्त्यांच्या नियतीवर राहते.

दूरच्या आदिवासी वस्त्यांतील बहुतेक फिरत्या मतदानकेंद्रांवर कौल 'होय' असाच पडला. सार्वमत संपले, त्यांचा प्रश्न संपला नाही. साऊथ ऑस्ट्रेलिया राज्याने २०२३ साली साध्या कायद्याने आपले मंडळ स्थापिले व २०२४ मध्ये त्याच्या निवडणुका घेतल्या. वाट अजून बुजलेली नाही. ज्याच्या अंगणात प्रश्न आहे त्याला आधी विचारावे, एवढे शहाणपण कोणत्याही बहुमताला शोभून दिसेल.